एका रात्रीपुरतं घर

माझ्या अडतिसाव्या वाढदिवसाला ऑफिसातल्या लोकांनी माझ्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. नैरोबीत ही रीतच आहे, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. वाढदिवस असला की माणसाला भिजवायचं, वर हसायचं, फोटो काढायचे. मी स्वतः अकरा वर्षांत निदान वीसजणांना भिजवलं असेल. त्या दिवशी दुपारी चारला बैठकीतून बाहेर पडलो आणि माझ्याच हाताखालच्या वांगेचीनं मागून बादली उलटी केली. पाणी थंड होतं, टाय छातीला चिकटला, कानात पाणी गेलं आणि सगळ्यांचं गाणं मला भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू येऊ लागलं. तारीखसुद्धा माझी नव्हती. ती गावच्या हेडमास्तरांनी शाळेत नाव घालताना मनानं लिहिलेली. आईला विचारलं तर ती ज्वारीच्या काढणीचा हंगाम सांगते, त्यापुढे काही सांगत नाही. तेवढ्यात सफाईवाला फडकं घेऊन आला आणि मान वर न करता म्हणाला, "साहेब, जरा पाय उचला." मी एक पाय उचलला. त्यानं पुसलं. मग दुसरा उचलला. अंगावरून पाणी गळत असताना मी सांगितल्याबरहुकूम एकेक पाय उचलत होतो आणि हे आपण फार वर्षं करतोय हे माझ्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. मनुष्यबळ खात्यातल्या बाईंनी विचारलं, "दुसरी कंपनी मिळाली का?" मी म्हटलं, "नाही, फिरणार आहे. बसनं. खाली दक्षिणेकडे, जिथवर रस्ता नेईल तिथवर." त्यांनी पेन खाली ठेवलं. "घरी काही झालंय का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

हाच प्रश्न मला त्यानंतर आठ महिने सगळीकडे विचारला गेला. आता मी मलावीत सरोवराकाठच्या एका स्वस्त उताऱ्यावर आहे. इथे तंबू ठोकायला मिळतो, सकाळी चहा आणि मंदाझी, म्हणजे गोडसर तळलेला पाव, मिळतो, आणि गल्ल्यावर तियाम्बिके नावाची बाई बसते, जिला मी अजिबात आवडत नाही. आलो त्या दिवशी तिनं वहीत माझ्या नावापुढे परस्पर 'ड्रायव्हर' लिहिलं. मी म्हटलं, "मी ड्रायव्हर नाही, पाहुणा आहे." तिनं माझ्यामागे उभ्या असलेल्या योरिसकडे पाहिलं, त्याच्या ट्रककडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग यांचं जेवण कोण करतं?" तिनं विचारलं. योरिस हा हॉलंडचा. कुठल्याशा सल्लागार कंपनीत होता, ती सोडून त्यानं जुना ट्रक घेतला आणि स्पेनपासून इथवर हाकत आणला. म्बेयाला चहाच्या टपरीवर भेटला तेव्हापासून मी त्याच्या ट्रकमध्ये आहे. डिझेल अर्धं अर्धं, स्वयंपाक आळीपाळीनं, असं ठरलंय. प्रत्यक्षात नाक्यावरच्या पोलिसांशी मी बोलतो आणि तो पुढे बसून गॉगल पुसतो. तो मला 'ब्रदर' म्हणतो. रोज तो आईला निरोप बोलून पाठवतो, त्यात आज काय खाल्लं ते असतं. "मी सगळं सोडून आलो," हे त्यानं मला पहिल्या तासात सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. त्याच्या 'सगळं'चं काय झालं ते मला ठाऊक आहे. ते एका गोदामात कुलूपबंद पडलंय आणि किल्ली आईकडे आहे. मला तो माणूस सहन होत नाही. मी त्याला सोडूनही जात नाही, कारण तो जे बोलतो ते मी नैरोबीत असताना आरशासमोर बोललेलो आहे.

खरं तर हे खूळ मला योरिससारख्या गोऱ्या प्रवाशांमुळेच लागलं. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून समोरचं मैदान दिसायचं, आणि तिथून हे लांबलचक ट्रक सुटायचे. उन्हानं भाजलेली पोरं-पोरी, पायात फाटक्या चपला, तोंडावर दांडगा आनंद. आमच्याच खंडातली गावं ती जपाच्या माळेसारखी म्हणायची, आणि मी नैरोबी, गाव आणि कंपनीनं एकदा नेलं ते दुबई यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. मला राग यायचा. राग आला की मी नकाशा उघडून बसायचो. पण नकाशात हे कुठे लिहिलेलं नव्हतं की त्यांना जे वाटेत मिळतं ते मला मिळणार नाही. ते उतरले की लोक हसतात, मुलं धावतात. मी उतरलो की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात, विकायला काय आणलंय म्हणून. सरहद्दीवरच्या साहेबानं माझा पासपोर्ट तीनदा उलटापालटा केला. "धंदा काय?" "काही नाही, फिरतोय." "माल कुठाय?" "माल नाही." "बायको?" "नाही." "पळून आलास का?" मी म्हटलं, पर्यटक आहे. तो शेजारच्याला म्हणाला, "ऐकलंस का, पर्यटक आहे म्हणे," आणि दोघं पोट धरून हसले, आणि त्यांनी मला दोन तास बाकावर बसवून ठेवलं. गोऱ्याचं भटकणं म्हणजे हौस, माझं भटकणं म्हणजे कुठेतरी काहीतरी बिनसलेलं. मी चिडायचो. पण रात्री तंबूत पाठ टेकली की वाटायचं, त्या साहेबाला माणसं ओळखता येतात. पळूनच आलो होतो.

गावी माझा धाकटा भाऊ आहे, ओडेरो. शाळेत हंगामी मास्तर. मी ओगुतु, थोरला. आमच्यात सगळं थोरल्यापासून सुरू होतं. पेरणीची पहिली मूठ थोरल्याची, कापणीचं पहिलं कणीस थोरल्याचं, आणि वडिलांच्या अंगणात पहिलं घर थोरल्याचं. थोरल्यानं उभारल्याशिवाय धाकट्यानं उभारलं तर घरातली माणसं झडत जातात, पोरं जगत नाहीत, असं मानतात. मानतात म्हणजे शिकलेलेही मानतात. वरून हसतात आणि आतून मोडायला धजत नाहीत. ओडेरोचं लग्न होऊन सहा वर्षं झाली. बायको अकेयो आणि दोन पोरी घेऊन तो बाजारातल्या पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत राहायचा, कारण अंगणात त्याचं घर नव्हतं, कारण अंगणात माझं घर नव्हतं. मी काही फार करायचं नव्हतं. एक दिवस जायचं, चार खांब रोवायचे, माती थापायची, गवत टाकायचं, आणि त्यात एक रात्र झोपायचं. एक दिवस, एक रात्र. मग परत नैरोबीला जायला कोणी अडवलं नसतं. ओडेरो दर सुट्टीत फोन करायचा. "दादा, कधी येतोस सांग." मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात. म्हणायचो, वर्षअखेरीला. बाजारात लोक त्याला विचारायचे, "काय मास्तर, तुमचं घर अजून नैरोबीतच अडकलंय का?" हे त्यानंच मला हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो.

का गेलो नाही, ते मला कोणाला नीट सांगता आलं नसतं. वेळ नव्हता हे खोटं आहे. आमच्या भाषेत नैरोबीतला फ्लॅट म्हणजे घर नव्हे, तो मुक्काम. घर म्हणजे जिथे माणसाला पुरतात ते. वडील रेल्वेत होते, पस्तीस वर्षं नैरोबीत राहिले, पण मेल्यावर चारशे किलोमीटर नेऊन त्यांना त्यांच्या दारासमोर पुरलं, आणि त्या वेळी एक चुलता माझ्या खांद्यावर हात ठेवून अंगणाचा एक कोपरा दाखवून म्हणाला, "ही तुझी जागा." मायेनंच म्हणाला. तिथे गवत होतं, एक बकरी बांधलेली होती. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, नवी बढती मिळाली होती, आणि ते लोक माझी जागा दाखवत होते. त्यानंतर ओडेरोचा फोन आला की मला ती बकरी दिसायची. त्याच्या प्रत्येक आर्जवाचा मला मनस्वी राग यायचा. मला वाटायचं, हा माझ्यासाठी खड्डा खणायला उतावीळ झालाय. त्याच्या पोरींना पत्र्याखाली उन्हाळ्यात घामोळं यायचं हे तो सांगायचा, ते मी ऐकायचो आणि सोडून द्यायचो. निघतानाही मी त्याला फोन केला नाही. दोन ओळी पाठवल्या, ऑगस्टमध्ये येतो म्हणून. ऑगस्टमध्ये जाणार नव्हतो.

मग ती बस. टांझानियात डोडोमाहून म्बेयाला निघालो होतो. शेजारी एक जाडजूड प्रवचनकार बसला होता. त्यानं शेंगदाणे दिले आणि चौकशी सुरू केली. घरी कोण? आई. आई कोणाकडे? धाकट्याकडे. तुझं घर झालंय का? तो आमच्या जमातीचा नव्हता, पण त्याच्या गावीही तसंच काही असावं. "थोरला असून हिंडतोस?" तो म्हणाला, "अरे, तुझ्यामागे सगळी रांग उभी आहे." जेवणासाठी गाडी डोंगराच्या पायथ्याशी थांबली तेव्हा मी मांडीवरची पाठपिशवी घेऊन उतरलो आणि परत चढलोच नाही. एका कोंबड्यांच्या गाडीतून पुढे गेलो. फळीवर माझी ऑफिसची जुनी बॅग राहिली, तिच्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, जे परत करायचं मी विसरलो होतो की केलं नव्हतं, कोण जाणे. म्बेयाला दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर रेडिओ लागला होता. गाडी घाटात कोसळून पेटली. यादी वाचताना त्यांनी माझं नाव वाचलं, चुकीच्या उच्चारात. मी चहा पीत होतो. खरं सांगतो, मला आधी भीती वाटली नाही, दुःखही वाटलं नाही, प्रवचनकाराची तर आठवणही थेट रात्री आली. मला हलकं वाटलं. जणू कोणी माझ्या नावाचं दप्तर बंद करून कपाटात ठेवलं. मग लाज वाटली. नवं सिमकार्ड घेतलं आणि ओडेरोला निरोप पाठवला: 'मी त्या गाडीत नव्हतो. ठीक आहे. मला शोधू नका. ओगुतु.' पोचल्याची खूण दिसली. कार्ड काढून गटारात टाकलं. त्याच टपरीवर त्याच दिवशी योरिस भेटला.

त्याला आता पाच महिने झाले. सुरुवातीला त्या शांततेची मला चैन वाटली. कोणी बोलावत नाही, कोणी तारीख मागत नाही. सरोवरात पोहायचो, उपाशी राहायचो, लोकांवर खेकसायचो, योरिसशी एक वाक्य न बोलता दोनशे किलोमीटर जायचो. मग ऑगस्ट गेला. कोणी विचारलं नाही, तू येणार होतास त्याचं काय झालं. सप्टेंबरमध्ये एका गावात संगणकावर मेल उघडला. ओडेरोचं अक्षर नव्हतं. फक्त जुन्या कंपनीचा एक फॉर्म होता, तुम्ही आम्हाला का सोडलंत, एक ते पाच गुण द्या. शोधू नका म्हटलं होतं, पण इतकं शहाण्यासारखं ऐकायला कोणी सांगितलं होतं? सहा वर्षं जो माणूस माझ्यामागे लागला त्याला इतके महिने मी आठवू नये? मी दुखावलो गेलो, आणि हे कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं. त्या दिवसापासून रोज ठरवत होतो आणि रोज टाळत होतो. आज रविवार. सकाळी योरिस ट्रकखाली झोपून काहीतरी ठोकत होता आणि आईला निरोपही बोलत होता. मी उठून गल्ल्याकडे गेलो.

"फोन हवाय. केनियाला," मी म्हटलं.

"केनियात कोण?" तियाम्बिके म्हणाली.

"भाऊ."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुलाही घरचे आहेत तर," म्हणाली, आणि आपला फोन पुढे सरकवला. नंबर मला पाठ होता. तिसऱ्या रिंगला त्यानं उचलला. मागे कोंबड्या होत्या, कोणीतरी भांडी घासत होतं.

"ओडेरो, मी."

"मी कोण?"

"ओगुतु."

भांड्यांचा आवाज तसाच चालू होता. मग तो म्हणाला, "थांब, बाहेर येतो." दार लागल्याचं ऐकू आलं. चांगलं जड दार होतं. त्याच्या भाड्याच्या खोलीला असलं दार नव्हतं.

"बोल, दादा."

"माझा निरोप मिळाला होता ना? त्या बसचा?"

"मिळाला."

"मग एकदा तरी..."

"तो आला तेव्हा पोलीस नुकतेच तुझं कार्ड देऊन गेले होते," तो म्हणाला. आवाज वर्गात उतारा सांगणाऱ्या मास्तरसारखा होता. "अर्धं जळलेलं. अंगणात पन्नासेक माणसं बसली होती. आई जमिनीवर होती. मी गोठ्यामागे जाऊन निरोप वाचला. दोनदा वाचला. शोधू नका, असं लिहिलं होतंस."

"हो."

"मग नाही शोधलं."

मी काउंटरची कड धरली. तियाम्बिके वही चाळत होती, म्हणजे ऐकत होती.

"तू कोणाला सांगितलं नाहीस?"

"पुसून टाकला."

"आणि पुरलं काय तुम्ही?"

"यागोचं फळ." आमच्यात बुडालेल्याचं, हरवलेल्याचं प्रेत मिळालं नाही तर ते फळ पुरतात. भोपळ्यासारखं लांबट, जड असतं. कापडात गुंडाळलं की तान्हं मूल वाटतं. "चांगलं मोठं बघून आणलं," तो म्हणाला. "पेटी केली. आईनं तुझा शाळेतला सदरा घातला त्यावर. चौथ्या दिवशी सगळ्यांनी डोकी भादरली. मीही."

"ओडेरो, तू माणूस आहेस का?"

"घराशिवाय पुरता येत नाही ना माणसाला," तो तसाच पुढे बोलत राहिला. "मग सकाळी उठून गावानं तुझं घर उभारलं. चार खांब, माती, गवत. दुपारपर्यंत झालं. मी बघत बसलो होतो. एवढंच काम होतं, दादा. दुपारपर्यंतचं."

कोणीतरी माझं घर बांधत असताना मी कुठे होतो ते मी आठवू लागलो. बहुतेक सरहद्दीवर त्या बाकावर बसलो होतो, मी पर्यटक आहे हे पटवून देत.

"आणि तुझं?"

"पुढच्या महिन्यात. पत्र्याचं, तीन खोल्यांचं. पोरी आत आहेत. धाकटीचं अंग आता बरं आहे."

"मी येतोय," मी म्हटलं. खरोखर तेव्हा मला जायचं होतं, त्या अंगणात जाऊन उभं राहायचं होतं, त्याच्या तोंडाकडे बघत. असा संताप मला आयुष्यात आला नव्हता. "उद्या निघतो. चार दिवसांत पोचतो."

"ये."

"घाबरत नाहीस?"

"घाबरतो ना. तू आलास की म्हातारे दोन्ही घरं पाडायला लावतील. तुझं खोटं म्हणून, माझं खोट्यावर उभं म्हणून. अकेयो पोरींना घेऊन माहेरी जाईल. आईला सांगावं लागेल की मला माहीत होतं. ते मी सांगेन. तू फक्त येणार असशील तर ये. कधी येतोस सांग. सहा वर्षं मी दुसरं काय विचारलं?"

मी तारीख सांगायला तोंड उघडलं. चार दिवस म्हणालो होतो, तर गुरुवार. तोंडातून गुरुवार निघेना. मी त्याचा द्वेष करू पाहत होतो, आणि मधे ती धाकटी येत होती, जिला मी एकदाच पाहिलं होतं, मानेवर घामोळ्याचे लाल ठिपके असलेली. ओडेरोनं फोन ठेवला नाही. मला वाटतं, तो मला पुरता वेळ देत होता. त्याला ती सवय होतीच.

मग दार उघडल्याचा आवाज आला. पाय घासत कोणीतरी बाहेर आलं, आणि आईचा आवाज आला, पूर्वीपेक्षा बारीक, पण तोच.

"कोण आहे रे?"

"कोणी नाही, आई. चुकून लागलाय."

मला ओरडता आलं असतं. ती फोनपासून दोन हातांवर होती. आई एवढंच म्हटलं असतं तरी तिला कळलं असतं, माझा आवाज ती कुठेही ओळखते. मी दात दातांवर धरले. तियाम्बिकेनं वहीतून मान वर केली.

"मग इतका वेळ कसला धरून ठेवलास त्याला," आई म्हणाली. "सोड. बिचाऱ्याला त्याच्या घरी लावायचा असेल."